दोन टाळ्यांमधली तफावत : घरी बांधलेलं सिंक सर्किट दुरुस्त करताना

तबलजीचा हात समेवर पडून वर उठलेला दिसतो आणि थाप मागून ऐकू येते. आमच्या पहिल्या रिळात नेमकं हेच झालं. सांगलीत एका हौशी मंडळाच्या संगीत नाटकाची तालीम आम्ही सुपर ८ या छोट्या फिल्मवर टिपली होती. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिलं नाटक उभं केलं, तिथली आजची तालीम फिल्मवर राहावी, एवढीच इच्छा. आवाज वेगळ्या डिजिटल रेकॉर्डरवर घेतला होता आणि कॅमेऱ्याची गती राखायला घरी बांधलेलं क्रिस्टलचं सिंक सर्किट, म्हणजे चित्र आणि आवाज जुळते ठेवणारं सर्किट, लावलं होतं. पहिल्या अंतऱ्यापर्यंत सगळं जागेवर होतं. गाणं संपेपर्यंत आवाज जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडला.

त्यानंतर चार संध्याकाळी मी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो आणि दिसेल ते बदललं. क्रिस्टल बदलला, आयसी बदलले, वायरी बदलल्या. दोष मात्र तिथेच राहिला, कारण आपण कोणता दोष शोधतोय हेच मी ठरवलं नव्हतं. तुमच्या त्या चार संध्याकाळी वाचाव्यात म्हणून हा क्रम लिहितो आहे. सर्किट बांधून झालंय, दिवे लागतायत, पण चित्र आणि आवाज जुळत नाहीत, अशा नवख्या माणसासाठी तो आहे.

सर्किटचं काम काय

कॅमेऱ्याची मोटर स्वतःहून नेमक्या गतीने फिरत नाही. सेल उतरले, कार्ट्रिज (फिल्मची बंद डबी) जरा घट्ट बसली, थंडी वाढली, की गती हलते. सर्किट दोन ठोके शेजारी ठेवतं. एक ठोका क्रिस्टलचा, सेकंदाला नेमका २४. दुसरा कॅमेऱ्याचा, दर फ्रेमला एक. कॅमेरा मागे पडला तर मोटरला जास्त व्होल्टेज, पुढे गेला तर कमी.

मिरजेत तंबोरा जुळवताना कधी शेजारी बसला असाल तर हे लगेच कळेल. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या की आवाजात एक लाट उठते, वाँव, वाँव, वाँव. खुंटी किंवा मणी हलवत गेलं की लाट संथ होते आणि तारा मिळाल्या की थांबते. सर्किट हेच करतं, फक्त इथे एक तार क्रिस्टलची आहे आणि ती हलत नाही. फिरवायची खुंटी एकच, मोटरची.

माझं सर्किट असं आहे. २.४५७६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याची कंपनं भागून २४ वर आणायला सीडी ४०६० आणि दोन सीडी ४०१७ या आयसी, कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टचा ठोका साफ करायला सीडी ४५३८, तुलनेला सीडी ४०४६, त्यापुढे फिल्टर, बफर आणि मोटरचा ड्रायव्हर. सर्किटला ९ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी. तुमची मांडणी वेगळी असली तरी ही ठाणी तुमच्याकडेही असतीलच. काहीजण घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल वापरतात. त्याला २४ ने सरळ भाग जात नाही. ४०६० ने त्यातून ८ हर्ट्झ मिळतात, म्हणून कॅमेऱ्याच्या ठोक्यांना ३ ने भागून ८ वर आणावं लागतं. हा भागाकार राहून गेला असेल, तर पुढचं काही वाचायच्या आधी तो करा.

आधी दोष कोणत्या जातीचा ते ओळखा

यासाठी दोन टाळ्या लागतात. शॉटच्या सुरुवातीला एक आणि कॅमेरा बंद करायच्या आधी दुसरी. बहुतेकजण दुसरी विसरतात आणि मग मोजायला काही उरत नाही. क्लॅपबोर्ड नसेल तर दोन फळकुटंही चालतील. एकमेकांवर आदळलेली फ्रेम स्पष्ट दिसली पाहिजे, इतकंच.

फिल्म स्कॅन होऊन आली की एडिटिंगमध्ये पहिल्या टाळीच्या फ्रेमपासून दुसऱ्या टाळीच्या फ्रेमपर्यंत किती फ्रेम आहेत ते मोजा. रेकॉर्डरच्या फाइलमध्ये त्याच दोन टाळ्यांमधले सेकंद मोजा. फ्रेमला सेकंदांनी भागलं की कॅमेऱ्याची खरी सरासरी गती मिळते. आमच्या रिळात १४० सेकंद होते, म्हणजे ३३६० फ्रेम हव्या होत्या. निघाल्या ३३४९. अकरा फ्रेम कमी. २४ च्या गतीला एक फ्रेम ४१.६७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे सुमारे ४६० मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाचा हिशेब इथे लागला.

आता तफावत वाढते कशी ते बघा. गाण्याचं चित्रण असेल तर फार सोपं, कारण तबला ही फुकटात मिळालेली टाळी आहे. मी प्रत्येक समेवर तफावत मोजून कागदावर लिहिली. बोलण्याचा शॉट असेल तर मध्येमध्ये कुणाला तरी टाळी द्यायला सांगा.

तफावत पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच असेल, समजा सगळीकडे तीन फ्रेम, तर सर्किटला हात लावू नका. सुरुवातीची टाळी चुकीच्या फ्रेमवर जुळवली आहे किंवा मायक्रोफोन फार लांब होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेत, चौदा मीटरवर माइक ठेवला तर एक फ्रेम तिथेच गेली.

तफावत एकसारखी वाढत असेल, पहिल्या मिनिटाला जितकी, तितकीच दुसऱ्या मिनिटाला, तर कुठला तरी आकडा चुकला आहे. कोणता, ते तफावतीच्या प्रमाणावरून कळतं. ५० फुटांच्या कार्ट्रिजमध्ये ३६०० फ्रेम, २४ च्या गतीला १५० सेकंद. अख्ख्या कार्ट्रिजमध्ये सहा सेकंद चुकत असतील तर २४ आणि २५ यांची गल्लत आहे. आपल्याकडे टीव्हीच्या २५ च्या सवयीमुळे स्कॅनची फाइल पुष्कळदा २५ वर उघडली जाते. साडेतीन फ्रेमच्या आसपास चुकत असेल तर फाइल २४ ऐवजी २३.९७६ वर चालते आहे, कारण तो फरक हजारात एकाचा. या दोन्हींत सर्किट निर्दोष असतं. सॉफ्टवेअरमध्ये फाइलची गती २४ करा, काम झालं. माझ्याकडे 'सर्किट बिघडलंय' म्हणून आलेल्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत हीच गोष्ट निघाली.

तफावत कधी पुढे, कधी मागे, अशी डोलत असेल तर फिल्टर किंवा मोटर.

आणि तफावत पायरीपायरीने वाढत असेल, बराच वेळ शून्य, मग अचानक एक, मग बराच वेळ एकच, मग दोन, तर कॅमेऱ्याचा ठोका खराब आहे. आमच्या कागदावर शून्य, शून्य, एक, एक, एक, दोन अशी पायरी होती. तो कागद पहिल्याच दिवशी केला असता तर क्रिस्टलला हात लावलाच नसता.

क्रिस्टल आणि भागाकार

हा भाग तपासायला सगळ्यांत सोपा, म्हणून आधी घ्या. हर्ट्झ मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो.

४०६० च्या पिन १ वर ६०० हर्ट्झ आले पाहिजेत. २४,५७,६०० भागिले ४०९६. पिन ३ वर १५० दिसतील. कित्येकदा पिन १ च्या ऐवजी २ किंवा ३ वरून तार घेतलेली असते आणि मग पुढचं सगळं निम्म्याने किंवा पावपट चालतं. मीटरला हर्ट्झ नसतील तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर मध्ये घालून इअरफोन लावा. ६०० हर्ट्झ म्हणजे पेटीच्या मधल्या पांढरी दोनच्या एक सप्तक वरचा स्वर, त्याहून किंचित चढा. पेटीवाल्याला चटकन सांगता येतं. आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या काकांनी डोळे मिटून सांगितलं होतं.

क्रिस्टलच्या पिनांवर, म्हणजे १० आणि ११ वर, मीटरची टोकं लावू नका. मीटरच्या वायरचाच भार क्रिस्टलवर पडतो आणि तो बाजूला सरकतो किंवा बंदच पडतो. मग तुम्ही चांगला क्रिस्टल फेकून देता. नेहमी पुढच्या पिनांवर मोजा.

काहीच येत नसेल तर आधी पिन १२ बघा. तो रीसेटचा आहे आणि ग्राउंडला जोडलेला हवा. मोकळा सोडला तर हात जवळ नेल्यावर सर्किट चालू-बंद होतं. ४००० मालिकेतल्या कुठल्याही आयसीचा वापरात नसलेला इनपुट मोकळा ठेवायचा नाही. तो ग्राउंडला तरी बांधा, नाहीतर सप्लायला. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही हवाच. दोन इंच लांब नको, अगदी पिनांशी.

पुढे दोन ४०१७, दोन्ही ५ ने भागणारे. पाचाच्या पिन १ वरून तार रीसेटच्या पिन १५ ला. ६०० भागिले २५ म्हणजे २४. इथे एक हमखास चूक होते. ४०१७ चा पिन १२ हा 'कॅरी' असल्यामुळे नवखा माणूस पुढची तार तिथून घेतो. पण तो पिन शून्य ते चारपर्यंत वर असतो आणि पाच ते नऊपर्यंत खाली. आपण पाचालाच रीसेट करतो, त्यामुळे तो खाली यायच्या आतच पुन्हा वर जातो आणि मीटरवर सरळ रेष दिसते. आयसी मेला असं वाटतं. तार पिन ४ वरून घ्या.

आकडे बरोबर आले की हा भाग सोडा. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत ५० धरली तरी दीडशे सेकंदांत साडेसात मिलिसेकंद होतात. एका फ्रेमचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. १६ मिमीच्या ४०० फुटी रिळातही, म्हणजे अकरा मिनिटांत, ती एका फ्रेमच्या आत राहते. क्रिस्टल चालू असेल आणि भागाकार बरोबर असेल तर दोष पुढे आहे.

घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवरून गती जुळवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तसं करू नका. आपल्या ग्रिडची मान्य मर्यादाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. ४९.९० म्हणजे हजारात दोन कमी, आणि एका कार्ट्रिजमध्ये सात फ्रेम गेल्या. शिवाय या कामात २३० व्होल्ट टेबलावर असण्याचं काही कारण नाही.

कॅमेऱ्याचा ठोका

सर्वांत जास्त दोष इथे असतात, म्हणून इथे घाई नको.

पुष्कळ कॅमेऱ्यांच्या बाजूला फ्लॅशसाठी एक बारीक गोल सॉकेट असतं. दर फ्रेमला आतली पत्री एकदा मिटते आणि उघडते. आधी मीटर लावून खात्री करा, कारण काही कॅमेऱ्यांत हे सॉकेट फक्त एकेक फ्रेम टिपतानाच चालतं. सलग चालताना ठोका मिळत नसेल तर शटरच्या अक्षाशी छोटं चुंबक आणि हॉल सेन्सर असा वेगळा मार्ग काढावा लागेल.

पत्री मिटते तेव्हा ती एकदाच मिटत नाही. दार आपटल्यावर कडी जशी दोन-तीनदा थडथडते तशी ती थडथडते. आपल्याला एक टक वाटतं, आयसीला तीन मोजता येतात. सर्किटला वाटतं कॅमेरा एक फ्रेम पुढे गेला. ते मोटरला मागे खेचतं आणि खरोखरच एक फ्रेम कमी होते. एक खोटा ठोका, एक फ्रेम. त्या एकशेचाळीस सेकंदांत आमच्याकडे असे अकरा खोटे ठोके आले होते. चित्रात फ्रेम कमी, म्हणून चित्र लवकर संपतं आणि आवाज मागून येतो. तुमच्याकडे उलट, म्हणजे आवाज आधी आणि चित्र मागून असेल, तर ठोके गळत असतील. पत्रीवर काजळी किंवा सॉकेटची तार सैल.

यावरचा उपाय ४५३८. पहिला ठोका आला की तो ठरावीक वेळ दार लावून घेतो आणि मधली थडथड आत येऊ देत नाही. हा वेळ किती ठेवायचा यातच माझी चूक होती. मी २० मिलिसेकंद ठेवले होते. २४ च्या गतीला फ्रेम ४१.६७ मिलिसेकंदांची, त्यामुळे २० सुरक्षित वाटले. पण माझ्या कॅमेऱ्यात पत्री जवळजवळ अर्धी फ्रेम मिटलेली राहते, म्हणजे वीस-एकवीस मिलिसेकंद. ती उघडतानाही थडथडते. नेमकं दार उघडण्याच्या क्षणी दुसरी थडथड येत होती, कधी आत शिरायची, कधी नाही. म्हणून दोष अधूनमधून दिसायचा आणि टेबलावर तपासताना सापडायचा नाही. ३०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावून वेळ ३० मिलिसेकंद केला आणि पायऱ्या गेल्या.

फार वाढवूनही चालत नाही. वेळ ४१.६७ च्या वर गेला तर प्रत्येक दुसरा ठोका दाराबाहेर राहतो, सर्किटला वाटतं कॅमेरा निम्म्याच गतीने चाललाय आणि ते मोटर सुसाट सोडतं. कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या. स्वस्त सिरॅमिकची किंमत उष्णतेने हलते आणि उन्हाळ्यात दुपारी घाटावर डबा चांगलाच तापतो.

कॉन्टॅक्टपासून सर्किटपर्यंतची वायर मोटरच्या वायरशी गुंडाळू नका. शिल्डची वायर घ्या आणि शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

ऑसिलोस्कोप नसेल तर

बहुतेकांकडे नसतो आणि त्याने अडत नाही. रेकॉर्डर आहे ना. ४५३८ च्या आउटपुटवरून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग १०० किलोओहम, मग १ किलोओहम ग्राउंडला. त्या दोन रेझिस्टरांच्या सांध्यावरून रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला द्या. ९ व्होल्टचे तिथे सुमारे ९० मिलिव्होल्ट होतात. ४८ व्होल्टचा फँटम (रेकॉर्डर माइकला देतो तो सप्लाय) बंद असल्याची खात्री करा, लो-कट फिल्टरही बंद ठेवा. कॅमेऱ्यात वापरून झालेली जुनी कार्ट्रिज घाला. रिकामा कॅमेरा चालवून केलेली तपासणी फसवी असते, कारण फिल्मचा भार आला की मोटर वेगळी वागते.

दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि फाइल कॉम्प्युटरवर मोठी करून बघा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला प्रत्येक फ्रेमला बरोबर २००० सॅम्पल येतात. २५ ला १९२०. ४४,१०० वर रेकॉर्ड केलंत तर १८३७.५ असा अर्धवट आकडा येतो, म्हणून ४८,०००च ठेवा. दोन मिनिटांत २८८० ठोके मोजले गेले पाहिजेत. दोन ठोक्यांमधलं अंतर १९९५, २००४ असं थोडं हलत असेल तर काळजी नको, मोटर श्वास घेतेच. पण एखाद्या ठिकाणी २००० चे दोन तुकडे पडलेले दिसले, तर तो खोटा ठोका. आणि ४००० दिसलं तर ठोका गळाला. सरासरी मात्र २००० हवी. या एका फाइलमध्ये मला त्या चार संध्याकाळींपेक्षा जास्त कळलं.

आणखी एक फायदा आहे. मोटरवर ताबा मिळवणं जमतच नसेल, तर दोन चॅनेलच्या रेकॉर्डरवर एका बाजूला आवाज आणि दुसऱ्या बाजूला हे ठोके घ्या आणि एडिटिंगमध्ये ठोक्यांप्रमाणे आवाज ताणून किंवा आवळून घ्या. कुडेल्स्की यांच्या नाग्रा टेप रेकॉर्डरवर पायलट टोन नावाने हीच कल्पना कितीतरी वर्षं वापरली गेली. कॅमेऱ्याची खूण टेपवरच आवाजाबरोबर उमटायची. नवख्याने पहिलं रीळ असंच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटरचा ताबा दुसऱ्या रिळाला.

तुलना आणि फिल्टर

४०४६ ला कॅमेरा जोडण्याआधी क्रिस्टलचे २४ हर्ट्झ त्याच्या दोन्ही इनपुटना, म्हणजे पिन १४ आणि पिन ३ ला, एकदमच द्या. पिन १ सतत वर राहिला पाहिजे. तिथे ट्रान्झिस्टरवर लावलेला दिवा स्थिर पेटेल. एकाच माणसाशी तुलना करूनही त्याला फरक दिसत असेल तर जोडणी चुकली आहे. आतला ऑसिलेटर आपल्याला लागत नाही, म्हणून पिन ५ सप्लायला बांधा.

या आयसीत तुलनेचे दोन मार्ग आहेत. पिन २ चा साधा आणि पिन १३ चा कडांवर चालणारा. पिन १३ च घ्या. पिन २ वाला दुप्पट गतीलाही 'जुळलं' म्हणू शकतो. दिवा हिरवा आणि कॅमेरा भलत्याच गतीला, असं त्यातूनच होतं. पिन १३ ला तो दोष नाही, पण खोट्या ठोक्यांचं त्याला फार वावडं आहे. म्हणून कॉन्टॅक्टची साफसफाई आधी.

सर्किट जोडल्याबरोबर मोटर सुसाट पळाली किंवा गपकन थांबली तर घाबरू नका. दिशा उलटी आहे. पिन १४ आणि पिन ३ वरच्या तारांची अदलाबदल करा.

डोलणाऱ्या तफावतीचं मूळ फिल्टरमध्ये असतं. माझ्याकडे पिन १३ नंतर ४७० किलोओहम, मग १ मायक्रोफॅरड आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ४७ किलोओहम ग्राउंडला. मोटरचा आवाज ऊं-ऊं असा वरखाली होत असेल तर हा ४७ किलोओहम टप्प्याटप्प्याने वाढवा, १०० पर्यंत जा. झोक्यावरच्या पोराला धरून थांबवावं तसं ते डोलणं निवतं.

दोन जुळले की पिन १३ हात सोडतो, म्हणजे तो वरही ओढत नाही आणि खालीही नाही. त्या क्षणी व्होल्टेज फक्त कपॅसिटरने धरून ठेवलेलं असतं. कपॅसिटर गळका असेल तर ते उतरतं, सर्किट परत भरतं, परत उतरतं. म्हणून इथे इलेक्ट्रोलिटिक वापरू नका, फिल्मचा घ्या. पुढे सीए ३१४० सारखा बफर ठेवा, ज्याचा इनपुट काहीच ओढत नाही. मीटरही या जागी लावू नका, त्याचा १० मेगाओहमचा भारसुद्धा इथे जाणवतो. मीटर लावला की दोष दिसतो आणि काढला की जातो, असा चकवा मला याच जागी लागला होता. बफरच्या पुढे मोजा.

पावसाळ्यात ही जागा विशेष जपा. कृष्णाकाठची हवा आणि बोर्डावर राहिलेला फ्लक्स मिळून कपॅसिटर गळका नसतानाही गळती करतात. २०२१ च्या पुरानंतर ओल्या खोलीत राहिलेलं माझं सर्किट असंच डोलू लागलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश, मग दिवसभर ऊन. बाकी काही बदलावं लागलं नाही.

मोटर आणि सेल

सर्किटला मोटर ढकलायला आणि खेचायला, दोन्हीकडे जागा हवी. जुळल्यानंतर बफरच्या पुढचं व्होल्टेज मधोमध, ९ च्या सप्लायला चार-पाचच्या आसपास असावं. ते साडेसातला जाऊन चिकटलं असेल तर मोटरला पूर्ण जोर लावूनही गती गाठता येत नाही. सेल नवे घाला, गतीचा स्क्रू किंवा ड्रायव्हरचा प्रीसेट हलवा. कार्ट्रिजच्या सुरुवातीला चारवर असलेलं व्होल्टेज शेवटी सातवर जात असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात तफावत येणारच. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे काम करणार असाल तर सेल खिशात ऊबेला ठेवा.

ब्रशची मोटर ठिणग्या टाकते आणि त्या ठिणग्या सर्किटला ठोके वाटतात. मोटरच्या दोन टोकांवरच ०.१ मायक्रोफॅरड सोल्डर करा. मोटरचं ग्राउंड आणि आयसींचं ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी आणून एकाच बिंदूला जोडा. माळ करू नका.

डोळ्यांनी खात्री

क्रिस्टलच्या २४ हर्ट्झवरून एक पांढरा एलईडी चालवा, पण प्रत्येक चमक एकच मिलिसेकंदाची हवी. ०.१ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम मध्ये घालून ट्रान्झिस्टर लावला की तेवढी मिळते. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं दार उघडून, कार्ट्रिज काढून, त्या उजेडात फिल्म ओढणारा हुक बघा. गती जुळली असेल तर तो हवेत थिजल्यासारखा उभा दिसतो. संथ वरखाली होत असेल तर तंबोऱ्याची ती लाट डोळ्यांनी दिसते आहे. दहा सेकंदांत एक फेरी म्हणजे दहा सेकंदांत एक फ्रेम चूक. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येण्याचा त्रास घरात कुणाला असेल तर ही तपासणी त्यांच्यासमोर अजिबात करू नका.

एवढं झाल्यावरच नवी कार्ट्रिज फोडा. अख्खी कार्ट्रिज तालमीवर घालू नका. पहिली तीस सेकंद एखाद्याला दर पाच सेकंदांनी टाळी वाजवायला सांगा, कॅमेरा बंद करा, आणि पुन्हा कार्ट्रिजच्या अगदी शेवटी तसंच करा. दोन्ही शॉट स्वतंत्र मोजायचे. सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडे अर्ध्या फ्रेमच्या आत तफावत आली, तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: ४५३८ चा वेळ, फिल्टरच्या तीन किमती, जुळल्यावरचं व्होल्टेज, तारीख. पुढच्या पावसाळ्यानंतर डबा उघडाल तेव्हा तुलना करायला हेच आकडे लागतील.